कुणाची हरकत आहे का?

न्यूलिनच्या बंदरावर, बसथांब्यापाशी वाऱ्यानं टॅम्सिनची छत्री उलटी केली, तेव्हा शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस हसला नाही. एवढ्यावरूनच तो तिला आवडला.

"दुरुस्त करता येते तुम्हाला?" तिनं विचारलं.

"होड्या येतात. छत्रीचं... बघतो."

त्यानं धडपड केली आणि उरल्यासुरल्या काड्याही मोडल्या.

"आता चहा पाजणं आलं," तो ओशाळून म्हणाला. "मी हेडली."

तो चहा हिवाळाभर चालला. एका धुकट दुपारी त्याचा हात तिच्या हातावर टेकला... क्षणभर तसाच राहिला. मग तिनं आपला हात काढून घेतला.

"माझं लग्न झालंय, हेडली. नवरा, जेगो, एकटाच समुद्रात गेला होता. होडी सापडली, तो नाही. सात वर्षं झाली."

"मग कोर्ट त्याला मृत ठरवू शकतं ना?"

"ठरवतं. लग्नही तिथंच संपतं. पण आधी त्याच्या आईला कळवावं लागतं. ती अजून त्याचं अंथरूण बदलते रे. तिला काय सांगू — माझं मन दुसरीकडे गुंतलंय, तेव्हा तुमचा मुलगा मेला असं म्हणा?"

हेडलीनं तिचा कप पुन्हा भरला. "माझ्यासाठी नको करूस. चहा काय, लग्न झालेल्या बायकाही पितात."

शेवटी तिनं सासूला, लव्हडेला, सगळं सांगितलं. हेडलीचंही. लव्हडे बटाटे सोलत राहिली.

ब्रिस्टलच्या कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "कुणाची हरकत आहे का?"

मागच्या बाकावरून लव्हडे उठली. टॅम्सिननं वळून पाहिलं.

"हरकत नाही," म्हातारी म्हणाली. "पण साहेब, तुम्ही मघापासून यागो यागो म्हणताय. तो जेगो. निदान शेवटचं तरी नीट म्हणा."

न्यायाधीशांनी माफी मागितली. मग नीट नाव घेऊन जेगो मेल्याचं जाहीर केलं.

बाहेर पायऱ्यांवर हेडली थांबला होता. त्याला पाहताच टॅम्सिनला हुंदका फुटला.

"मला एक विचारायचं होतं—"

"आज नको. इतकी वर्षं मी ना बायको, ना विधवा. रडले असते तर तो मेला असं मीच म्हटल्यासारखं झालं असतं. आता मला रडू दे."

"आणि नंतर?"

"नंतर विचार." ओल्या पापण्यांआडून ती किंचित हसली. "उत्तर तुला माहीत आहे."

हेडलीनं मान डोलावली आणि पायऱ्या उतरायला लव्हडेला हात दिला. थोडं थांबून म्हातारीनं तो धरला.