धाकट्याचे बूट

सिनेमा कसला, डोक्याला ताप होता नुसता! सूड घ्यायला निघालेल्या नायकाचं पोट शर्टात मावत नव्हतं, पिस्तूल प्लास्टिकचं, आणि तेच चार गुंड मिशा बदलून तीन-तीनदा मरत होते. तरी ताई (सगळा स्टुडिओ तिला ताईच म्हणायचा) दोन आठवडे त्यात पावलांचे आवाज भरत होती. पडद्यावर नायक चालला की ही माइकसमोरच्या फळीवर त्याच्या पावलाला पाऊल जुळवून चालायची. वीस वर्षं हेच काम.

बूटसुद्धा तिनेच घरून आणले होते, धाकट्या भावाचे. एका बड्या कंत्राटदाराने त्याला गाडीखाली घातलं होतं, भर दुपारी, भर रस्त्यात. कोर्टात एकेक साक्षीदार फिरला आणि कंत्राटदार हसत सुटला. तेव्हा दिग्दर्शक म्हणाला होता, "ताई, ह्याच्यावरच सिनेमा काढतो. पडद्यावर तरी त्याला सोडणार नाही." त्या एका शब्दावर ती हा सगळा भिकार प्रकार सहन करत होती.

आज शेवटचा प्रसंग लागला. नायक खलनायकासमोर आला, पिस्तूल टाकलं, "जा, माफ केलं," म्हणाला आणि दाराबाहेर चालता झाला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे काय?"

दिग्दर्शक खाली बघत राहिला. "सिनेमा अर्ध्यात अडकला होता, ताई. त्यांनी पैसे घालून पूर्ण करून दिला."

"कुणी?"

"कंत्राटदारसाहेबांनी. येतीलच आत्ता बघायला."

"लाज नाही वाटली मेल्या, माझा भाऊ विकायला?"

"सातच पावलं राहिलीत. दारापर्यंतची."

दिली तिने. फळी फुटेल अशी दिली. काम अर्धवट टाकायची सवय नव्हती.

आवाज लावून पाहिला. ठक... घस्स. ठक... घस्स.

"लंगडत का चाललीस, ताई?"

"मी सरळ चालले." धाकटा लहानपणापासून उजवा पाय ओढत चालायचा.

ती पायांकडे बघत पुन्हा चालली. पुन्हा तेच. शिवाय सातव्या पावलाला नायक दाराबाहेर गेला आणि आठवं वाजलं. मग नववं. लांब जायची सोडून पावलं जवळ येत होती.

दिग्दर्शकाने घाम पुसत तो आवाजच पुसून टाकला. ताईने बूट कापडी पिशवीत घातले, वर गाठ मारली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

कंत्राटदार आला. पुढच्या खुर्चीवर पाय पसरून त्याने सिनेमा पाहिला.

"जा, माफ केलं," नायक म्हणाला आणि पावलांच्या आवाजाविना बाहेर गेला.

ठक... घस्स.

स्पीकर पुढे होते. आवाज मागून आला.

कंत्राटदार वळला. "कोण आहे मागे?"

कुणी नव्हतं.

पावलं त्याच्या खुर्चीपाशी येऊन थांबली.

दिवे लागले. "बरा झालाय," कंत्राटदार कसाबसा हसला आणि घाईने बाहेर पडला.

जिना लाकडी होता. ताईने कान दिला. उतरणारा एकटाच होता. पावलं दोघांची होती.

दिग्दर्शक दाराकडे धावला. "ताई, थांबवू का त्यांना?"

"जाऊ दे की. माफ केलंय ना आपण?"

मग तिने पिशवीची गाठ सोडली. आत बूट नव्हते. तिने रिकामी पिशवी नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली.