घडीची पोळी

बिंदुमाधव पुणतांबेकरांनी घरी कधी पाण्याचा पेलासुद्धा आपल्या हाताने घेतला नाही, पण कार्तिकी पौर्णिमेला गुरुद्वाऱ्यात गेले की धोतर खोचून थेट लंगरच्या रसोईत लाटायला बसत. शाळेत संस्कृत शिकवणारा माणूस, आणि हातात लाटणं! पहाटे काशीच्या पंचगंगा घाटावर स्नान, मग सगळं घर दूधविनायकाच्या गल्लीतून पायी चौकापलीकडच्या गुरुद्वाऱ्याकडे, हा वर्षाचा नेम. गल्लीतले दोन-चार लोक नाकं मुरडायचे. बाबा त्यांना ऐकवत, "अहो, आपले नामदेव तिथल्या ग्रंथात आहेत. आम्ही माहेरी चाललोय, माहेरी!"

त्यांच्या लेकीला, मालविकाला, ते सगळं अजून जसंच्या तसं आठवे. रांगेत बसलेल्या सरदारणी भराभर फुलके लाटत. बाबा मात्र तूप लावून, पीठ भुरभुरून, दुमडून आपली घडीची पोळीच लाटत. बायका हसून म्हणत, "लो, पंडितजी का मराठी परांठा आ गया!" आणि आई, म्हणजे इंदू, कपाळाला हात लावी. "घरी तवा कुठे असतो ते ठाऊक नाही, आणि इथे बघा थाट!" बोलायची खरी, पण नजर काही त्यांच्यावरून हलत नसे.

बारा वर्षांपूर्वी बाबा असेच लाटत बसले होते. हात धुवून येतो म्हणून उठले, ते परत आलेच नाहीत. अठ्ठावन्न वर्षांचा धडधाकट माणूस. पोलीस झाले, घाट झाले, इस्पितळं झाली, पण काही म्हणता काही पत्ता नाही. आईने त्यानंतर गुरुद्वाऱ्याचं नाव टाकलं. "तिथूनच गेले ना? मग मी तिथे पाऊल ठेवायची नाही." रुसली ती रुसलीच.

बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, असं शास्त्र आहे. मालविकाचा धाकटा भाऊ मुकुल त्यासाठीच पुण्याहून आला होता. गुरुजी ठरले, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचा मुहूर्त ठरला. आई हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. शेवटी म्हणाली, "एकदा तिथे जाऊन येऊ. नाहीच काही कळलं, तर कुंकू पुसते."

मालविकाला ते पटलं नव्हतं. युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं रक्त तपासणारी बाई ती, काचेखाली दिसेल तेवढंच तिचं खरं. पण आईपुढे बोलायची कुणाची टाप होती?

तिघं गेली. डोकी झाकून दर्शन घेतलं आणि पंगतीत बसली. फरशी नुकतीच पुसलेली, गार होती. डाळीचा वाफाळ वास तोच, बादल्यांचा खणखणाट तोच. मालविकाला उगाचच फ्रॉक घातल्यासारखं वाटलं.

"ताई, जल्दी उरकू या," मुकुल कुजबुजला. "गुरुजींचे दोन मिस्ड कॉल आहेत."

वाढणारे आले. मालविकाने दोन्ही हात पुढे केले, फुलका मिळाला. मुकुललाही फुलका. आईच्या ओंजळीत जे पडलं ते जाड होतं, तिकोनी होतं आणि तुपाने चमकत होतं. आईने कडेला चिमटा घेतला. पोळीचे पदर सुटे झाले आणि आतून वाफ आली.

आईने तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"तूप जास्त झालंय," ती म्हणाली. "ह्यांचा हात कधी आवरायचाच नाही."

"अगं, कुणीही लाटली असेल. बनारसात मराठी बायका काय कमी आहेत?"

पण आई उठलीसुद्धा होती. मुकुलला तिथेच बसायला सांगून मालविका तिच्यामागे रसोईत गेली. लाटणाऱ्यांच्या रांगेत एक पोळपाट रिकामा होता. शेजारच्या म्हाताऱ्या सरदारणीपुढे आईने ती पोळी धरली.

"ये किसने बेली?"

"पंडितजी ने. हर साल इसी दिन आते हैं. बारह साल हो गए."

मालविकाने विचारलं, "बुज़ुर्ग हैं?"

म्हातारी हसली. "पहले थे. मूँछें सफ़ेद थीं. फिर हर साल काली होती गईं. हम समझे, खिज़ाब-कलप लगाते हैं." मग ती आईकडे पाहत राहिली. "हर साल पूछते थे, हमारे घर से कोई आया क्या? इस साल नहीं पूछा."

आईने वळून रिकाम्या पोळपाटाकडे पाहिलं.

"नल पर गए हैं, हाथ धोने," म्हातारी म्हणाली.

नळाशी एक माणूस पाठमोरा उभा होता. त्याच्या कोपरापर्यंत पीठ होतं. चाहूल लागून तो वळला.

सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. काळीभोर मिशी. ते रुंद कपाळ, ते जरासे पुढे आलेले कान मालविका रोज आरशात पाहत होती.

"अहो..." आई म्हणाली.

तो हसला. पाहुण्याकडे पाहून हसावं तसं.

"अरे वा, मराठी! कुठल्या आपण?"

"दूधविनायकातली."

"म्हणजे आमच्याच गल्लीतल्या की! पण मी तुम्हाला कधी पाहिलं नाही, काकू."

आईची बोटं मालविकाच्या मनगटात रुतली.

"या वर्षी आईने नवस करायला सांगितलंय इथे," तो आपणहून बोलत होता. "पुढच्या महिन्यात सागर गावी जायचंय, मुलगी बघायला. सगळे मागे लागलेत. माझं काही मन होत नाही. नको म्हणून टाकावं असं वाटतं."

"नाव काय मुलीचं?"

"इंदू. आणि तुमचं?"

नळाची धार वाहत होती.

"सीता," आई म्हणाली. "जा तुम्ही सागरला. तोंडाळ असेल थोडी, पण जीव लावील. हो म्हणा."

तो काहीतरी पुटपुटला, ओले हात जोडले आणि कोपऱ्यावरून वळला. मालविका धावली. कोपऱ्यापलीकडे भिंत होती, आणि भिंतीला टेकून वाळत घातलेल्या पराती.

जोडे घेताना मुकुल फोन हातात धरूनच उभा होता. "आई, गुरुजींना काय सांगू?"

"रहित म्हणून सांग."

"रहित? का?"

"लग्नाच्या माणसाला कुणी जाळतं का रे?"

मुकुल दोघींच्या तोंडाकडे पाहत राहिला. आई चालायला लागली, आणि चौकातल्या गर्दीत तिला रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन. "बारा वर्षं विचारत होते गं. आणि मी मेली रुसून घरात बसले."

"मग खरं नाव का नाही सांगितलंस?"

"घाबरले असते. सागरला गेलेच नसते. मग तुम्ही दोघं कुठून आला असता?"

मालविकाने हळूच विचारलं, "पण ते हो म्हणाले ना, शेवटी?"

"कुणास ठाऊक बाई. नळ चालू होता, मला ऐकूच आलं नाही."

दोघींनी एकदमच मागे वळून, मुकुल येतोय ना, ते पाहिलं.