डब्यातली जास्तीची सुई

भिवाने मुंबईच्या पोलिसात वीस वर्षं काढली होती. पण दापोलीच्या आसपास कुणाचं काही हरवलं की लोक यायचे त्याच्या विधवा बहिणीकडे, धोंडूबाईकडे. पेन्शन याची आणि मान तिचा. भिवाला ते खुपायचंच.

सन बत्तीसच्या माघात एका सकाळी रावजी शिकारी आला, तोही "धोंडूआक्का आहेत का?" म्हणतच.

"काल रायफलीची सुई मोडली, गोळीवर ठोका देणारी," तो म्हणाला. "जास्तीची डब्यात होती, ती गेली. मुंबईहून दुसरी यायची पंधरा दिवसांनी. महिपतच्या वाडीत बिबळ्या रोज बकरं उचलतोय, आणि आज त्याला पाडीन असा मी शब्द दिलाय."

रावजीच्या घरी चुलीवरच्या फळीवर तो डबा होता. खाऱ्या हवेत लोखंड गंजू नये म्हणून तीन वर्षं तिथेच, धुरात. आत स्प्रिंगा, स्क्रू, सगळं तेल लावून ठेवलेलं. फक्त सुईची जागा रिकामी. शेजारची मिठाची बरणी धुराने काळीकुट्ट झाली होती.

"डबा मात्र लखलखीत ठेवलाय हो," भिवा कौतुकाने म्हणाला.

धोंडूबाईने डबा नाकाशी नेला. "राखेचा वास," एवढंच बोलली.

रावजीचा धाकटा भाऊ शिवा हर्णैला होडीवर असायचा. काल तो येऊन गेला होता; धोंडूबाईने त्याला बोलावून घेतलं.

"दादा मला रायफलीला बोट लावू देत नाही. जळतो मी, खोटं कशाला बोलू? पण काल मासळीची पाटी चुलीपाशी टेकवली आणि निघालो. हातसुद्धा धुतले नाहीत."

शेजारचा भागोजीही आला. त्याच्याकडे जुनी ठासणीची बंदूक. लग्न अजून व्हायचं होतं.

"काल विस्तव मागायला मी चुलीपर्यंत आलो होतो," तो तडकून म्हणाला. "बिबळ्या मारील त्याला महिपत आपली लेक मैना देणार. घरात बायको असून हा रावजी पुढे झाला. मला राग येणार नाही?"

रावजी खाली बघत पुटपुटला, "बारा वर्षं झाली, पोर नाही."

त्याची बायको राही पाण्याचा तांब्या राखेने घासत होती. मघाशीच घासलेला.

"मी यांच्या वस्तूंना हात लावत नाही," ती म्हणाली.

"भागोजीच," भिवा बहिणीच्या कानात म्हणाला. "धरू का?"

"बस खाली." धोंडूबाईने डबा सगळ्यांच्या मधोमध ठेवला. "बरणी काळी, मग डबा चकचकीत कसा? रावजी, तू घासलास?"

"मी कशाला घासू?"

"शिवाने उचलला असता तर मासळीचा वास आला असता. भागोजी विस्तव हातात घेऊन डबा घासत बसला असता का? हाताला आलेलं भांडं काजळीसकट परत ठेवणं या घरात एकाच माणसाला जमत नाही."

राही उठली. कुंकवाच्या पेटीतली मेणाची डबी तिने आणली, मेणात रुतवलेली सुई काढली आणि नवऱ्यापुढे ठेवली.

"रायफलीचं काही मोडेल म्हणून जास्तीचं आणता, ते मला कळतं," ती म्हणाली. "माझं काय मोडलंय ते सांगा, मग मैनेला आणा."

रावजीने सुई पुसून रायफलीत बसवली आणि रायफल भागोजीच्या हातात दिली.

"नेम तू धर. मी शेजारी बसतो." राहीकडे वळून तो हळू म्हणाला, "तुझं काही मोडलेलं नाही."

"पण परवाना रावजीच्या नावावर..." भिवाने तोंड उघडलं. बहिणीने नुसतं बघितलं आणि ते मिटलं.

दिवस कलताना दोघं बहीण-भाऊ परतीच्या वाटेवर असताना महिपतच्या वाडीकडून एकच बार ऐकू आला.

"आक्का," थोडं चालून भिवा म्हणाला, "डबा लखलखीत आहे, हे आधी मीच म्हटलं होतं."

"तूच म्हटलं होतंस," धोंडूबाई म्हणाली.