सुकाणूवर कोण आहे?

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायची ताकद आता माझ्यात नाही, म्हणून एकदाच सांगते. ठेवायचा तर विश्वास ठेवा.

भुतं रात्री दिसतात म्हणे. आम्हाला भर दुपारी दिसलं.

जमीन सुटून पंधरवडा उलटला होता. चारी बाजूंना पाणी. धुरकट, पांढरट उजेड. आणि बोटीवर आम्ही दोघंच... मी आणि आमचे हे.

निदान आमची तशी समजूत होती.

मी हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होते. हे लिफ्ट दुरुस्त करायचे. दोघांनी आयुष्यभर ड्युट्या केल्या. हे रात्री, तर मी दिवसा. चपला काढता घालता दारात भेट व्हायची. "भाजी झाकून ठेवलीय", "गीझर बंद कर", एवढाच संवाद. त्यामुळे ह्यांनी जुनी शिडाची बोट घेतली आणि रिटायर झाल्यावर दोघंच समुद्र ओलांडू म्हणाले, तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

सासूबाई म्हणाल्या, "या वयात लोक गुडघे सांभाळतात. तुम्ही बोट सांभाळा!"

दीर ह्यांना 'कॅप्टन' म्हणून चिडवायचे.

बोट लहानशीच. मागे वर उघड्यावर बसायची जागा, तिथेच सुकाणूचा लाकडी दांडा. चार पायऱ्या उतरलं की खाली केबिन. दोन बाजूंना झोपायचे दोन बाक, मध्ये टेबल, कोपऱ्यात शेगडी. किनाऱ्याकिनाऱ्याने आम्ही पुष्कळ हिंडलो होतो. महासागरात मात्र पहिल्यांदाच आलो होतो.

आणि तिथे सुकाणू आपोआप धरणारं यंत्र बंद पडलं.

ह्यांनी ते उघडलं. पुसलं. पुन्हा जोडलं. काही उपयोग नाही.

"लिफ्ट असती तर सांगितलं असतं, जिन्याने जा," हे म्हणाले.

तेव्हा आम्ही हसलो होतो.

मग पुन्हा ड्युट्या. एकाने वर दांडा धरायचा, दुसऱ्याने खाली पडायचं. दांडा सोडला की बोट लगेच तोंड फिरवायची, शीड फडफडायचं. परत फिरावं तर वारा उलटा. म्हणजे पलीकडे पोहोचेपर्यंत हेच.

थकवा काय असतो हे मला माहीत आहे असं वाटायचं. पण हा वेगळाच होता. भाताचा चमचा तोंडाशी नेतानेता डोळा लागायचा. डोळ्यांत मीठ. हाताला फोड. एकमेकांशी भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

अशातच एकदा मला जाग आली... आणि अंग हलकं वाटलं.

किती दिवसांनी पोटभर झोप झाली होती. वर उजेड चांगलाच चढला होता. ह्यांनी मला उठवलंच नव्हतं.

मी वळले, तर समोरच्या बाकावर हे घोरत होते.

 तशीच वर धावले. सुकाणूवर कुणी नव्हतं. पण शीड ताठ भरलेलं. बोट सरळ रेषेत चालली होती.

"अहो, सुकाणू सोडून झोपलात?" मी वरूनच ओरडले.

हे डोळे चोळत आले. "सोडून कुठे? तू वर आलीस म्हणून मी खाली गेलो."

"मी कधी आले?"

"अगं, पहाटे. केस मोकळे सोडून बसलीस. काही बोलली नाहीस. म्हटलं, चिडली असशील."

बोटीवर मी केस मोकळे कधीच सोडत नाही. दोरात अडकतात.

पण झोपेत चालले असेन, असं मनाशी म्हटलं. थकलेला माणूस स्वतःला काहीही पटवतो.

मग ती दुपार.

हे वर होते. मी बाकांकडे पाठ करून, पेंगत चहा केला. भरलेला मग घेऊन वर गेले. माझ्याकडे पाठ करून हे बसले होते. पिवळा रेनकोट, टोपी डोक्यावर ओढलेली, हात दांड्यावर.

"घ्या. गार होईल."



मी चहाचा मग बाजूला ठेवला. त्यांनी फक्त दुसरा हात जरासा हलवला... जा, झोप, अशा अर्थाने.

दमले की हे असेच वागतात. मी खाली आले. बाकावर टेकून ओले पाय पुसायला लागले.

आणि समोरून... घोरण्याचा आवाज.

मी मान वर करायला फार वेळ लावला.

समोरच्या बाकावर हे झोपले होते. तोंड उघडं. फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर.

मी तो अंगठा धरून पाहिला. गरम होता.

वर दांडा करकरला... कर्र... लाट आली की आपण तो थोडासा ओढून धरतो ना, तसा. मग पुन्हा सैल.

जो कुणी होता, त्याला काम येत होतं.

मी ह्यांना हलवलं. वर बोट दाखवलं.  पुढे हे, मागे मी, असे पायऱ्या चढलो.

कुणी नव्हतं.

दांडा हळूच एका बाजूला कलायला लागला होता. नुकताच कुणीतरी सोडल्यासारखा. ह्यांनी झडप घालून धरला.

चहाचा मग रिकामा होता. आणि पालथा घालून ठेवलेला. आमच्या ह्यांनी लग्न झाल्यापासून एक भांडं पालथं घातलेलं नाही.

"तुमचा रेनकोट कुठाय?" मी विचारलं.

"खाली खुंटीवर. आज घातलाच नाही."

मी वाकून पाहिलं. खुंटीवरच होता. कोरडा ठणठणीत.

"पण तुम्ही खाली गेलातच कसे?"

ह्यांनी माझ्या बांधलेल्या केसांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू आलीस ना... केस मोकळे सोडून. मी डोळे न उघडताच खाली येऊन पडलो."

त्यानंतर आम्ही ठरवलं, एकमेकांना सोडायचं नाही. दोघांनी वरच बसायचं. ह्यांच्या मनगटाला दोर, त्याचं दुसरं टोक माझ्या मनगटाला. एक पेंगला की दुसऱ्याने ओढायचं.

किती काळ तसं काढलं, सांगता येत नाही. मध्ये पाऊस झाला. मध्ये वारा पिसाळला. पेंग आली की दोघांनाही एकदमच यायची. बोट आडवी व्हायची, लाट अंगावर यायची, आणि आम्ही दचकून जागे. एकदा शिडाचा आडवा दांडा सपकन फिरला, ह्यांच्या कानाला चाटून गेला. बोटभर अलीकडे असता तर डोकं फुटलं असतं.

हे खाली बसले आणि रडायला लागले. मी ह्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"अहो, असं नका करू."

"मला झोपू दे गं. काय व्हायचं ते होऊ दे."

"आणि सुकाणू?"

हे नुसतं दांड्याकडे बघत राहिले.

मला कळलं. खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं.

"ते... बोट नीट नेतं," मी म्हटलं.

"आपल्यापेक्षा चांगलं."

एवढंच बोलणं झालं. घाबरायलाही थोडी ताकद लागते. ती संपली होती.

मी दोर सोडला. ह्यांनी दांड्यावरचा हात काढला. मागे न बघता आम्ही खाली उतरलो आणि एकाच बाकावर, एकमेकांना चिकटून पडलो.

वर शीड फडफडलं...

मग पावलं. जड, सावकाश.

मग दांडा करकरला. शीड थांबलं. बोट सरळ झाली.

आम्ही झोपलो.

उठायचो, पाणी प्यायचो, बिस्किटं खायचो, पुन्हा झोपायचो. वर कुणीच गेलं नाही. वरचा दांडा थांबला नाही. रात्र, दिवस, पुन्हा रात्र. झोपेतसुद्धा मला तो आवाज यायचा... कर्र... कर्र... आणि पुढेपुढे तो आवाज मंदावला. ओढणारा हात जणू दमत चालला होता.

एका सकाळी तो थांबला.

केबिनमध्ये उजेड पसरला होता. हे माझ्या शेजारी. पायऱ्यांवर पावलं वाजली... एक पायरी. मग थांबणं. मग दुसरी.

मी डोळे गच्च मिटून घेतले.

बाकाची कड दबली. माझ्या पायाशी कुणीतरी बसलं होतं. ओल्या दोराचा वास आला.

"झालं," आवाज आला. बाईचा नाही, पुरुषाचा नाही. फार थकलेला. "उठा आता. मला जरा पडू द्या."

ह्यांनी माझा हात दाबला. म्हणजे हेही जागे होते. हेही ऐकत होते.

आम्ही उठलो. मान खाली घालून. त्याच्या शेजारून जाताना मला फक्त पावलं दिसली. पांढरी. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर कातडी सुरकुतते तशी.

आम्ही पायऱ्या चढलो, आणि मागे बाक करकरला. मग एक लांब सुस्कारा... डबल ड्युटी करून आलेल्या नर्स माझ्या खोलीत येऊन खुर्चीत बसायच्या ना, अगदी तसा.

मला भीती वाटायला हवी होती. मला त्याची कीव आली. ते जास्त भयंकर वाटतं मला अजून.

समोर, पाण्यावर, जमिनीची बारीक रेघ दिसत होती.

दिवसभर आम्ही बोट चालवली. खाली कुणी उतरलं नाही. वरच्या पेटीत आणीबाणीची पिशवी होती. त्यात कागदपत्रं आणि पाण्याची बाटली. तेवढ्यावर काढलं. संध्याकाळी बंदरात लागलो, ते अनवाणीच उतरलो. चपला केबिनमध्ये होत्या.

बोट तिथल्याच, बोटी ठेवायच्या यार्डात ठेवली आणि घरी परतलो. दीर विचारायचे, "काय कॅप्टन, कशी झाली सफर?" हे म्हणायचे, "मस्त." ज्याने बोट विकली होती, त्याला ह्यांनी फोन केला. बोटीवर कधी कुणी मेलं होतं का? तो म्हणाला, छे हो, काहीच नाही. खोटं बोलतोय असं वाटलं नाही.

आता आम्ही दोघं एकाच वेळी झोपतो, एकाच वेळी उठतो. झोप नीट लागते, असं नाही.

गेल्या महिन्यात यार्डवाल्याचा फोन आला. ह्यांनी स्पीकरवर टाकला. बोट रंगवायला घेऊ का, असं तो विचारत होता.

"फक्त एक अडचण आहे," तो म्हणाला. "केबिनचं दार उघडत नाही. आतून कडी लागलीय. तोडू का?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मी नकारार्थी मान हलवली.

"नको," हे म्हणाले. "झोपू द्या."

 कोण झोपलंय, असं तो विचारेल म्हणून मी वाट बघत होते.

त्याने नाही विचारलं.

"बरं," तो हळू आवाजात म्हणाला, आणि फोन ठेवला.