दोघांचा पास

मोजणीदाराला फुकट गोष्टींचा भारी संशय. शहराच्या मधोमध बावीस मजली कचेरीच्या गच्चीवर सगळ्यांसाठी मोफत बाग झाली, तेव्हाही तो म्हणाला होता, फुकट आहे ना, मग सावली नसणार. त्याच्या थोरल्या भावाचं तसं नव्हतं. दादाचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. आता म्हातारपणी सडाफटिंग माणूस शहराच्या पार टोकाला एका खोलीत राहायचा. दर रविवारी बागेचा चारचा, दोघांचा पास काढायचा, दोन बस बदलून यायचा आणि वर पोचला की फोन करायचा. धाकट्याचं घर तिथून दहा मिनिटांच्या चालीवर.

पहिल्या रविवारी मोजणीदार गेला. पुढचे अकरा रविवार जमिनींच्या तातडीच्या मोजण्या निघाल्या. त्या सगळ्या त्याच्या सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, कठड्यावर पाय टाकून पार पडल्या. दादा माणूस वाईट नव्हता; एकच किस्सा तीनदा सांगायचा, इतकंच. बायको एकदा म्हणालीही, "अहो, तासाभराचा तर प्रश्न आहे." त्यावर पुढच्या रविवारचा वायदा झाला.

तो रविवार यायच्या आत दादा झोपेतच गेला.

तीन आठवड्यांनी मोजणीदाराच्या फोनवर निरोप आला: रविवार, चार वाजता, दोन व्यक्ती. पास महिनाभर आधी काढता येतात. दादाने काढून ठेवला असणार. यात नवल काही नव्हतं. तरी तो गेला. दादाची माफी मागायची होती, आणि माफी ऐकायला मेलेल्या माणसाइतका सोयीचा श्रोता नाही. उलटून विचारत नाही.

वर लिफ्टच्या तोंडाशी रखवालदार बाई यादी घेऊन बसली होती. आपण एकटेच आहोत असं त्याने सांगितलं. तिने मान हलवली, पण लिफ्टचं दार हाताने धरून ठेवलं, कोणी सावकाश बाहेर पडत असावं तसं, मग सोडलं.

बाग बरी होती. ओल्या मातीचा वास, लाकडी खोक्यांतून उंच गवत, वाऱ्याने एकाच बाजूला कललेलं. आणि सावलीही होती, भरपूर. कोपऱ्यात एक दुर्बीण होती.

"ते काका तिथेच उभे असायचे," बाई म्हणाली. "आम्ही ती रोज नदीकडे वळवतो. रविवारी पुन्हा या घरांकडेच तोंड."

त्याने डोळा लावला.

समोर त्याची स्वतःची बाल्कनी होती. नऊशे मीटर, सवयीने त्याने अंदाज बांधला. दारातल्या चपलेचा तुटलेला अंगठाही दिसत होता.

अकरा रविवार.

डोळा काढावा असं वाटलं, पण काढवेना.

कठड्यावर दोन पाय होते. टाचेच्या भेगा ओळखीच्या होत्या. खुर्चीतल्या माणसाने आळस दिला आणि फोन उचलला.

मोजणीदाराच्या खिशात फोन वाजला.

"दादा, तातडीची मोजणी निघालीय रे. आज काही जमत नाही."

आवाज त्याचाच. मागे कपात चमचा फिरत होता. "साखर घालू का अजून?" बायको विचारत होती, अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. आपण फोनवर हात धरायचो, तेवढ्याने भागतं असं त्याला इतके दिवस वाटत होतं.

मला सगळं दिसतंय, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण त्या आवाजात चोरून खाणाऱ्या पोरासारखी धाकधूक होती. त्या माणसाला रंगेहाथ पकडायचा धीर होईना.

"असू दे," तो म्हणाला. "उन्हात टोपी घालत जा."

समोरच्या माणसाने फोन ठेवला, चहा घेतला. गच्चीकडे त्याने एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

तासभर मोजणीदार बाकाच्या एका कडेला बसून राहिला. दुसरी कडा मोकळी ठेवून.

"भाऊ नाही आले?" निघताना बाईने विचारलं.

"कामात अडकलाय. फार राबतो हो तो." सांगताना त्याच्या आवाजात अभिमान आला, न आणता.

"मग पुढच्या रविवारचा?"

"दोघांचाच काढा. येणार म्हणालाय."

खाली उतरल्यावर घर उजव्या हाताला, दहा मिनिटांवर होतं. तो डावीकडे वळला आणि शहराच्या टोकाकडे जाणाऱ्या ज्या बसमध्ये जन्मात कधी चढला नव्हता, तिच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढच्या बाईने ओळखीचं हसून त्याला जागा करून दिली.

"आज उशीर झाला, काका?"

"हो," तो म्हणाला. "भाऊ आला होता. बोलत बसलो."