लामत्याचा पतंग

“चोरीले काय गेलं म्हनता, ताई?”

“पतंग. उडवायचा नव्हे, पंखांचा. नखाएवढा.”

हिरालाल गजभिये यांनी पंक्चर काढायला उलटी केलेली सायकल तशीच सोडली आणि हात पुसले. रेल्वे पोलिसांतली नोकरी संपल्यावर ते तिरोडीहून बालाघाटला येऊन राहिले होते. ठाण्यात सांगता येत नाहीत अशा गोष्टी लोक त्यांच्याकडे घेऊन येत. ओट्यावर बसलेले मधू वैरागडे हायस्कुलात चित्रकला शिकवीत. हिरालालजींच्या बहुतेक तपासांत ते बरोबर असत, आणि बहुतेक वेळा भलत्याच माणसावर संशय घेत.

पाहुणीला मधू मास्तर ओळखत होते. कालिंदी डबीर, कीटकशास्त्रज्ञ त्र्यंबकराव डबीरांची मुलगी. पानं गुंडाळून आत राहणाऱ्या अळ्या आणि त्यांचे पतंग यांवर त्र्यंबकरावांनी सारा जन्म घालवला होता. आशियाभरच्या अभ्यासकांशी देवघेव करून जमवलेला त्यांचा संग्रह पाहायला लांबून माणसं येत.

“नीट सांगा,” हिरालालजी म्हणाले.

कालिंदीनं सांगितलं. भाद्रपदात लामत्याच्या शेतकऱ्यांनी बाबांना बोलावलं होतं. धानावर पतंग उडत होते. बाबांनी एक पकडला, पाहिला आणि म्हणाले, हा धानाची पानं गुंडाळणाराच. आसामपासून जपानपर्यंत यानं शेतं पांढरी केलीत. दवा मारा. महागू रामटेके पाठीवर पंप घेऊन दिवसभर फवारत होता. संध्याकाळी त्याच्या तोंडाला फेस आला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला.

“महागूचा पुतण्या माणिक हा बाबांचा विद्यार्थी. तो म्हणू लागला, गुंडाळलेली पानं बांधावरच्या गवताची होती, धानाची नव्हती. पतंग दुसराच असणार. उद्या जबलपूरहून तज्ज्ञ येताहेत, तोच पतंग तपासायला. आणि काल दुपारी तो पेटीतून नाहीसा झाला.”

“साहेब काय म्हनतात?”

“म्हणतात, माणिक आला होता. एवढंच म्हणतात.” तिनं मान खाली घातली. “पण तेवढ्यानं आळीत तो चोर ठरला. मला ते पटत नाही.”

मधू मास्तरांना मात्र पटलं. माणिकचा चुलता गेला होता. रागाच्या भरात माणूस काय करणार नाही?

डबीरांच्या घरी त्र्यंबकराव संग्रहाच्या खोलीत आरामखुर्चीवर बसले होते. पाहुण्यांसाठी त्यांनी स्वतः तांब्यातून पाणी ओतलं, ते पेल्याबाहेर तिपाईवर सांडलं. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती.

“हे काय झालं, साहेब?”

“चहा सांडला.”

कालिंदी चमकून म्हणाली, “तुम्ही कधी चहा केलात, बाबा?” त्र्यंबकरावांनी पेटीकडे मान वळवली.

पेटी टेबलावरच होती. काचेचं झाकण, साधी कडी, आत डांबराच्या गोळ्यांचा वास. पतंग रांगांनी टाचलेले होते. प्रत्येक रांगेच्या डोक्याशी एक पट्टी: जपान, जावा, आसाम, सिंहल. सगळ्यांत खाली ‘लामता’ अशी पट्टी, आणि तिच्यापुढे कॉर्कमध्ये फक्त एक भोक.

मधू मास्तर वाकून पाहत राहिले. पिवळसर पंखांवर बारीक तपकिरी रेघा. त्यांना सगळे सारखेच दिसले. “साहेब, धानावरचा कोणता यातला?”

“वरच्या तीन रांगा. सिंहलवाला त्याच्यासारखाच दिसतो, पण गवतावर जगतो. पिकाला त्याचा काही त्रास नाही.” त्र्यंबकरावांचा आवाज शिकवताना यावा तसा क्षणभर मोकळा झाला आणि लगेच मिटला.

“जुना आहे हो संग्रह,” मास्तर म्हणाले. “टाचण्यांना हिरवा गंज चढलाय. सिंहलातल्या एकीचीच काय ती चमक टिकलीय. तिच्यावरचा पतंग जरा आखूड वाटतो, प्रवासात मोडला असेल बिचारा.”

हिरालालजींनी भिंगातून लामत्याच्या भोकाभोवतीचा पांढरा कागद पाहिला. “साहेब, पतंगाले हात लावला तं पंखाची भुकटी पडते का?”

“पडणारच. बोटालाही लागते.”

“इथं कनभर बी नाई.” त्यांनी भिंग खिशात टाकलं. “काल दुपारी कोन कोन आलतं?”

“माणिक. नंतर दुलीचंद. मला डोळा लागला होता. खोलीत कोण किती वेळ होतं, सांगता येणार नाही.”

मेन रोडवर दुलीचंदचं बियाण्याचं आणि दवेचं दुकान होतं. लामत्याला गेलेली दवा त्याच्याच दुकानातली. तो बोलण्याआधीच घामाघूम झाला.

“हौ, गेलतो. साहेबाले विचाराले गेलतो, की उद्या माह्यावर तं काही येनार नाई ना? दवा त्यायनं सांगितली, म्या देल्ली. इसमें मेरा क्या कसूर?”

“पतंग पाह्यला?”

“पेटीत दहा पतंग असन का वीस असन, मले सब एकसारखे. मले लपवाचाच असता तं मी चुरगाळून नालीत नसतो टाकला?”

बाहेर पडल्यावर मास्तर म्हणाले, “हा खोटं बोलत नाही.”

“हौ. अन् बोलता बोलता मोठी गोष्ट सांगून गेला.”

ती कोणती, हे त्यांनी सांगितलं नाही.

माणिक भरवेलीला खाणीच्या कॉलनीत मावशीकडे राहत होता. सडपातळ, डोळ्यांखाली काळं पडलेलं. त्यानं दोघांना खाटेवर बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

“मी सरांना विनंती करायला गेलो होतो. म्हटलं, उद्या परक्या माणसानं सांगण्यापेक्षा तुम्हीच एकदा तपासा.”

“वरून पाहून समजत नाई?”

“नुसत्या रेघांवरून फसायला होतं. पोटाचं टोक कापून कॉस्टिक सोड्यात उकळतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली खात्री होते. सरांनीच शिकवलं मला.” तो थांबला. “सर काहीच बोलले नाहीत. मी निघून आलो.”

“तुयावर आळ आला. तू सरावर काहून नाई चिडत?”

“चिडू कसा? लामत्याहून शिकायला आलो, तेव्हा त्यांनीच घरात जेवायला बसवलं. माह्या काकाले बी थे चांगले ओळखत होते.” आतापर्यंत जपलेली पुस्तकी भाषा सुटली आणि त्यानं तोंड फिरवलं.

परतताना मास्तर सायकल हातात धरून चालत होते. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. “मग चोर कोण?”

“चला,” हिरालालजी म्हणाले. “मले हे सांगायचं जिवावर येऊन राह्यलं, मास्तर. पन उद्यावर ठेवता येत नाई.”

दिवेलागणीला डबीरांच्या खोलीत सगळे जमले. त्र्यंबकराव खुर्चीत, कालिंदी दाराशी, माणिक आणि दुलीचंद भिंतीलगत.

हिरालालजींनी पेटी उघडली.

“पतंग चोरीले गेलाच नाई,” ते म्हणाले. “तो पेटीतच आहे. भोकाभोवती भुकटी नाई, म्हनजे कोनी वरबाडून नेला नाई. टाचनीसकट सरळ उचलला, हात सरावाचा. दुलीचंद म्हनला, लपवाचा असता तं चुरगाळला असता. खरं हाय. ज्याले पतंग म्हनजे कचरा, थो तसंच करन. ह्या हाताले नमुना फेकवला नाई.”

त्यांनी सिंहलच्या रांगेवर बोट धरलं. “साऱ्या टाचन्या हिरव्या, ही एक नवी. मास्तरले दिसली, पन मास्तर तिच्या चमकेवर खूश झाले. हा आखूड पतंग प्रवासात मोडला नाई. त्याच्या पोटाचं टोक तपासाले कापलं.”

मधू मास्तर पुन्हा वाकून त्या टाचणीकडे पाहू लागले.

“लपवाचाच होता तं कोन्याही रांगेत लपला असता. पन लपवनाऱ्यानं त्याले बरोबर त्याच्या जातभाईत बसवला. गवतावरच्या, निरुपद्रवी. म्हनजे त्याले खरं समजलं होतं. असं समजनारे दोघंच, मानिक अन् साहेब. मानिकले हा पतंग उद्या दाखवाचा होता, त्याच्या सांगन्याचा तोच पुरावा. अन् त्याची नजर तेज हाय, एवढी चमकती टाचनी त्यानं ठेवली नसती. ज्याले पेल्याचा काठ दिसत नाई, त्याले गंज काय दिसन?”

ते त्र्यंबकरावांच्या हातावरच्या चिंधीकडे वळले.

“अन् बोटं चहानं नाई भाजली, साहेब. कॉस्टिकनं भाजली.”

“बाबा?” कालिंदी पुटपुटली.

त्र्यंबकरावांनी चिंधी बांधलेला हात दुसऱ्या हातात धरला. “मोतीबिंदू वर्षभर आहे. कोणाला सांगितलं नाही. लामत्याला पतंग हातात घेतला, तेव्हा रेघा दिसल्या असं वाटलं. खरं तर आठवल्या होत्या, दिसल्या नव्हत्या.” त्यांनी श्वास घेतला. “काल माणिक गेला आणि मी टोक उकळलं. सूक्ष्मदर्शकाखाली मोठं दिसतं. सगळं दिसलं. तेवढ्यात बाहेर दुलीचंदचा आवाज आला, म्हणून घाईनं टाचला आणि झोपेचं सोंग घेतलं. वाटलं, नमुना नाही म्हटल्यावर तज्ज्ञ परत जातील. माणिकवर आळ मी घेतला नव्हता हो.”

“घेतला नाई,” हिरालालजी हळू म्हणाले. “लोकांनी घेतला, तं तुम्ही थांबवला बी नाई.”

“नाही थांबवला.”

माणिक पुढे आला आणि खुर्चीशी खाली बसला. “सर, मला तुम्हाला हरवायचं नव्हतं. चूक झाली, एवढं तुम्ही काकीला सांगायला हवं होतं. बाकी काही नाही.”

म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्याकडे हात नेला, पण ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकरावांनी तज्ज्ञांपुढे पतंग स्वतः ठेवला आणि जे होतं ते सांगितलं. मग छोट्या लाइनच्या गाडीनं ते लामत्याला निघाले. बरोबर माणिक, हिरालालजी आणि मधू मास्तर होते.

महागूची बायको जिजाबाई धान कापून नुकतीच बांधावर टेकली होती. माणिकनं चटई अंथरली, पण त्र्यंबकराव तिच्यावर बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, डोळ्यांचंही, पेटीचंही.

जिजाबाई ऐकत राहिली. विळा तिच्या मांडीवर होता.

“मंग त्या पतंगानं धान खाल्लंच नसतं?”

“नाही, बाई.”

“दवा नसती मारली तरी धान असंच आलं असतं?”

“असंच आलं असतं.”

तिनं समोर पाहिलं. ओंब्यांनी वाकलेलं शेत बांधापासून पार नाल्यापर्यंत पिवळं होतं. पीक त्या वर्षी खरंच चांगलं आलं होतं.

“मरताना थे एकच विचारत होते,” ती म्हणाली. “धान वाचलं का म्हून. म्या म्हनलं, हौ, तुमच्यानं वाचलं.”

 जिजाबाई पदर खोचून उठली आणि पुन्हा कापायला वाकली. थोड्या वेळानं माणिकनं दुसरा विळा उचलला आणि तिच्या शेजारी जाऊन कापू लागला.