रुद्रम्माचं कनेक्शन

मोबाईल पालथे घाला आधी. तोंडावर उजेड घेऊन गोष्ट ऐकता व्हय? ज्याला खोटं वाटतंय त्यानं आत्ताच उठून जावं.

आमच्या भावकीतला नागसेन अणदुरात नेटच्या दुकानात कामाला हाय. दुकानात एक मोठं मशीन, गावातली दीडशे घरं त्याला जोडल्याली. गेल्या येळ अमावस्येची रात्र, साडेदहा वाजल्याले. दिवसभर समदं गाव शेतात जेवून आलं आन घरोघर मोबाईल धरून बसलं. मशीन अडकाया लागलं. मालकाचा फोन आला.

"नाग्या, बंद घरांची कनेक्शनं तोड. एकेक बघून तोड, न्हायतर दवाखान्याचं जाईल. आन तोडायच्या आधी फोन लाव."

यानं फोन लावले, तोडली. राहिलं रुद्रम्माचं. लई देवभोळी म्हातारी, सकाळी त्या नेटच्या बॉक्सलाबी विभूतीची तीन बोटं वढायची. दिवाळीत गेली. नवरा हणमंतप्पा तवापासून सोलापूरला लेकीकडं. मेल्याल्या बाईला काय फोन लावायचा? तोडलं.

परत जोडलं गेलं.

तोडलं. स्क्रीनवर परत तिचं नाव हिरवं.

"कुणीतरी फुकट्या घुसलाय!" तिसऱ्यांदा तोडलं. चौथ्यांदा तोडलं. अर्धा तास गेला. शेवटी दुकानाला कुलूप घातलं आन चोर धराया निघाला.

रुद्रम्माच्या दाराला कुलूप न्हवतं. आत अंधार.

"कोण हाय?"

बॅटरी लावून आत शिरला.

"कोण हाय म्हणतो!"

मोरीत हणमंतप्पा पडल्याले. सणाला म्हणून दुपारी एकटेच आलते. गाव शेतात, बघितलं कुणी न्हाय. तोंड वाकडं झाल्यालं. एक हात हलंना.

"आप्पा, नेतो दवाखान्यात. बोलू नका."

"तिनं... चारदा हाक मारली तुला..." म्हातारा त्याच्याकडं बघत राहिला. "चारदा... तोडलीस."

नागसेननं बॅटरी फिरवली. बॉक्स फळीवर. वायर गुंडाळून ठेवल्याली. पिनीवर धूळ.

आप्पा जगले. वाचा गेली. अर्धा तास आधी आणलं आसतं तर, डॉक्टर म्हणला. नागसेन अजून तो अर्धा तास मोजतोय.

त्याच पहाटं त्यानं दुकान उघडलं. कुलूप जसंच्या तसं. स्क्रीनवर रुद्रम्माच्या नावापाशी विभूतीची तीन बोटं.

फडक्यानं पुसली. जाईनात. मला बोलावलं. म्या नखानं खरवडलं.

काच साफ होती.

बोटं आतून वढल्याली.